निवृत्त गनरचे कान

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जानेवारीच्या सुमारास देवळालीच्या फायरिंग रेंजवर 'तोपची' हा तोफखान्याचा सराव होतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. आपल्याही अंकात येतात. तोफेच्या तोंडातून निघालेला जाळ, मागे धुळीचा लोट, मंडपात बसलेले पाहुणे, टाळ्या वाजवणारी शाळेची पोरं. फोटो झकास असतात, मी कापून ठेवतो. बातमीत कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचा उल्लेख हमखास असतो, आणि माझं म्हणणं त्या कानठळ्यांबद्दलच आहे. पाहुण्यांच्या कानठळ्या घरी जाईपर्यंत सुटतात. तोफेला खेटून उभं राहणाऱ्यांच्या सुटत नाहीत. ती माणसं पुढे तीस-चाळीस वर्षं याच जिल्ह्यात राहतात. भगूर, देवळाली कॅम्प, नाशिकरोड, सिन्नर-निफाडची खेडी. बँकेत जातात, एसटीत बसतात, नातवंडं खेळवतात. त्यांच्या कानांबद्दल कुठे दोन ओळी छापून आलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावायचा अधिकार आपलाच आहे.

मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आमचं मूळ गाव दारणाकाठी, भगूरपासून जवळच. लहानपणी रेंजवर धडाका झाला की मांडणीवरची भांडी खुळखुळायची आणि आजी म्हणायची, "झाले सुरू लष्करवाले." १९८८ साली मी त्याच लष्करवाल्यांत भरती झालो. ट्रेनिंग नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला. बरोबरची पोरं बिहारातून, पंजाबातून, तामिळनाडूतून दोन-दोन दिवस गाडीत बसून आलेली आणि मी घरून भाकरी बांधून एसटीने गेलेलो. त्यांना वाटायचं, याची मजा आहे, घर जवळ आहे. पण गेटच्या आत गेल्यावर बिहार आणि भगूर सारखंच लांब.

आता तोफेवर काम कसं चालतं ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तोफेवरच्या प्रत्येक माणसाला नंबर असतो आणि त्याचं काम ठरलेलं असतं. कोणी गोळा भरतो, कोणी नेम धरतो, कोणी दारूगोळा मांडून देतो. नंबर वन म्हणजे त्या तोफेचा मुख्य. डोंगरावर पुढे बसलेला ओपीचा, म्हणजे टेहळणीच्या चौकीचा, अधिकारी लक्ष्य बघतो, तो मागे कळवतो, गन पोझिशनवरचा अधिकारी हिशेब करून हुकूम देतो. दिशा इतकी, उंची इतकी, चार्ज म्हणजे दारू अमकी. नंबर वनने तो ऐकायचा, मोठ्याने परत म्हणायचा आणि पोरांकडून करून घ्यायचा. त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर गोळा आपल्याच माणसांवर पडू शकतो. म्हणून बाकीच्यांनी कानात बोळे कोंबले तरी नंबर वनला दोन्ही कान बंद करून चालत नाही. एक कान हुकमासाठी उघडा ठेवायचा, आणि त्याच कानाशेजारी ब्रीच, म्हणजे गोळा भरतात ती तोफेची मागची बाजू. मी बरीच वर्षं नंबर वन होतो. माझा कुठला कान जास्त गेलाय ते सांगायला नको.

कानाच्या संरक्षणाला पुढे कान झाकणारे मफ आले, कानात घालायचे प्लग आले. सुरुवातीच्या काळात आमचा भर कापसावर. काहींचा नुसत्या बोटांवर. तोंड उघडं ठेवायचं म्हणजे कानाच्या पडद्यावर दाब कमी येतो, हे उस्तादांनी पहिल्याच फायरिंगला शिकवलेलं. त्यामुळे फोटोत गनर आ वासून उभे दिसतात ते आश्चर्याने नव्हे.

१९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत, आम्ही द्रासला होतो. त्या लढाईबद्दल पुष्कळ लिहून झालंय, टीव्हीवर दाखवून झालंय. तोलोलिंगचं शिखर १३ जूनला घेतलं, टायगर हिल ४ जुलैला. टायगर हिलवर शंभराहून जास्त तोफा एकाच वेळी चालल्या. सगळ्या युद्धात तोफखान्याने गोळे, मॉर्टरचे बॉम्ब आणि रॉकेटं मिळून अडीच लाखांच्या वर टाकली, असा आकडा आहे. वाचणाऱ्याला तो आकडा मोठा वाटतो. आमच्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होता. १०५ मिलिमीटरची फील्ड गन रस्त्याच्या कडेला मांडलेली, दोन्ही बाजूंनी डोंगर. मैदानात तोफ डागली की आवाज निघून जातो. तिथे तो डोंगरावर आपटून परत येत होता. रात्र झाली की आम्ही एकमेकांशी हातवारे करून बोलायचो. चहा हवाय का, तर हातातला मग वर धरून दाखवायचा. कोणी ओरडलं तरी विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटायचं. आणि आम्ही त्यावर हसायचो. "कल खुल जायेगा," असं एकमेकांना सांगायचो. दुसऱ्या दिवशी कान थोडेफार उघडायचेही. दर वेळी पूर्वीपेक्षा किंचित कमी उघडतात, हे तिथे कोण मोजत बसलंय?

घरी तेव्हा आमची सौ., दोन लहान मुलं आणि माझे आईवडील. पत्र यायला-जायला किती वेळ लागायचा ते त्या काळातल्या फौजी कुटुंबांना विचारा. तिने ते दोन महिने काय काढले हे तिने मला आजवर नीट सांगितलेलं नाही. एवढंच म्हणते, "दारात सायकल थांबली की पोटात गोळा यायचा."

२०१२ ला मी कायमचा घरी आलो. बेचाळिशीत. गावात माणसाचा संसार या वयात ऐन भरात असतो आणि आमचा निरोपसमारंभ झालेला असतो. लोकांना वाटतं, पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, चैन आहे. पेन्शन आहे, त्याबद्दल मी ऋणी आहे. कॅन्टीनवरून जे विनोद होतात तेही मी हसून ऐकतो, म्हणजे जेवढे ऐकू येतात तेवढे. पण हवालदाराच्या पेन्शनीत मुलीचं लग्न, मुलाचं इंजिनिअरिंग आणि घराची दुरुस्ती एकदम बसत नाही. म्हणून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. आमच्यातले निम्मे लोक तेच करतात. तिथे हातात वॉकीटॉकी दिला. त्या यंत्रातून माणूस बोलतोय की पापड तळले जातायत, मला कळेना. रात्रपाळीच्या साहेबाने वर कळवलं की हा माणूस हुकूम मानत नाही, फौजी असल्यामुळे ताठा आहे. चोवीस वर्षं हुकूम मानण्याचीच नोकरी केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. मी काही भांडलो नाही. शेतावर आलो.

आणि इथेच माझ्या पत्राचा मुद्दा आहे. 'फौजी म्हणजे तापट' अशी आपल्याकडे एक समजूत आहे. निवृत्त होऊन आला की घरात आरडाओरडा करतो, एका हाकेला ओ देत नाही, टीव्ही गावाला ऐकू जाईल असा लावतो, चारचौघांत बसला तर एकटा तोंड मिटून बसतो, मधेच भलतंच बोलतो. लोक म्हणतात, लष्कराने माणूस कडक केला. मी माझ्या ओळखीच्या तोफखान्यातल्या माणसांकडे बघतो तेव्हा मला वाटतं, यातला निम्मा कडकपणा कानातला आहे. ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तो मोठ्यानेच बोलणार. ज्याला हाक पोचलीच नाही तो ओ कशाला देईल? आणि लग्नात, तेराव्याला, पारावर, जिथे चार जण एकाच वेळी बोलतात तिथे त्याला शब्दांचा नुसता गलका ऐकू येतो, म्हणून तो गप्प बसतो किंवा उठून जातो.

आमच्या घरातही हेच झालं. मी नोकरीत असताना वर्षाला जी काय सुट्टी मिळायची तेवढ्यापुरता पाहुण्यासारखा यायचो. सुट्टीतल्या माणसाचं सगळं चालवून घेतात. कायमचा आल्यावर चालेना. मुलांना वाटायचं, बाप सदा चिडलेला. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, ती मला काही सांगायचं असेल तर आईमार्फत सांगायची. सौ.ला वाटायचं, साहेब झालेत, स्वयंपाकघरातून मारलेली हाक यांच्या मानाला कमी पडते. ती विचारायची, "भात वाढू?" आणि मी म्हणायचो, "सात वाजले." पोरं हसायची. मीही हसायचो. बहिऱ्या माणसाच्या नकला आपल्याकडे तमाशापासून गणपतीतल्या नाटकापर्यंत सगळीकडे हुकमी हशा घेतात, त्यामुळे घरात हसले तर नवल नाही. फक्त ज्याच्यावर हसतात त्याला रोज तोच हशा पुरत नाही.

शेवटी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवलं आणि नाशकात कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या मुलीने नंतर कागद समोर ठेवला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक आवाज, आणि मधून माझ्या कानाची रेघ. रेघ सुरुवातीला बऱ्यापैकी सपाट चाललेली आणि मग एकदम कसाऱ्याचा घाट उतरावा तशी खाली. तिने समजावलं ते मला अजून पाठ आहे. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. पहिल्या मरतात त्या साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे बारीक आवाज टिपणाऱ्या. बोलण्यातले स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ, ख असले बारीक आवाज गळतात. म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण कळत नाही." बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज बारीक, त्यामुळे गनरला आधी आपल्याच घरातली माणसं ऐकू यायची बंद होतात. बाहेरच्या पुरुषांचं बऱ्यापैकी कळतं. मग बायकोला वाटणारच की मित्रांचं बरोबर ऐकू येतं आणि माझंच येत नाही!

सौ. शेजारी बसून हे सगळं ऐकत होती. बाहेर आल्यावर तिने रिक्षाही केली नाही. उभी राहून म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी भिंतीशी भांडत होते?" आणि थोड्या वेळाने, "मग आधी सांगायला काय झालं होतं?" मला तरी कुठे ठाऊक होतं? कान एका दिवसात जात नाही. रोज थोडं थोडं कमी होतं आणि माणसाला वाटतं, हल्ली लोकच पुटपुटतात.

त्यानंतर घराची रीत बदलली. मशिन लावलं, पण मशिनपेक्षा रीत महत्त्वाची हे मी अनुभवाने सांगतो. दुसऱ्या खोलीतून कोणी बोलत नाही. बोलायच्या आधी खांद्याला हात लावतात किंवा समोर येतात. मिक्सर चालू असताना कोणी महत्त्वाचं सांगत नाही. ओरडत तर कोणीच नाही, कारण ओरडल्याने गळालेला स परत येत नाही, नुसता चेहरा भांडल्यासारखा दिसतो. सावकाश, समोर बघून, नेहमीच्या आवाजात बोललं की माझं ओठांवरून बरंचसं भागतं. करोनाच्या मास्कच्या काळात मात्र मी पुरता बहिरा होतो.

मुलीची मुलगी सुट्टीत राहायला येते. चार वर्षांची आहे. तिचा आवाज म्हणजे चिमणीचा, माझ्या रेघेच्या नेमका घाटाखाली. तिला कोणी काही शिकवलेलं नाही. ती माझ्या मांडीवर चढते, दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरते, तोंड आपल्याकडे वळवते आणि मग बोलते. मधे मी दुसरीकडे बघितलं की थांबते, परत हनुवटी ओढून जागेवर आणते आणि जिथे थांबली तिथून पुढे सुरू. एकदा तिने हाच प्रयोग दारात आलेल्या पोस्टमनवर केला. तिला वाटतं, आजोबालोकांशी असंच बोलायचं असतं.

मशिनबद्दलही थोडं. कानामागे बसतं, हरभऱ्याएवढ्या बॅटरीवर चालतं. बॅटरीवर रंगीत कागद चिकटवलेला असतो, तो काढला की हवा लागून ती चालू होते आणि मग वापरा न वापरा, उतरत राहते. आठ-दहा दिवसांत संपते. भगूरला मिळत नाही, नाशिकरोडला जावं लागतं. घामाने मशिन बिघडतं, आणि शेतात घाम येणार नाही तर काय येणार? मशिन सगळेच आवाज मोठे करतं, हा दुसरा वैताग. एसटी स्टँडवर गेलो की माझ्या शेजारच्या माणसापेक्षा लांबची गाडी जास्त ऐकू येते. म्हणून कित्येक जण ते कपाटात ठेवून देतात आणि घरचे म्हणतात, एवढं महागाचं आणलं आणि वापरत नाहीत. सवय व्हायला वेळ लागतो, तेवढा धीर घरच्यांनी धरावा.

कान वाजणं हा तिसरा प्रकार. रात्री शांत झालं की माझ्या कानात रातकिडे सुरू होतात, बारा महिने. पावसाळ्यात खरे कोणते आणि माझे कोणते, ते सौ.ला विचारावं लागतं. गंमत म्हणजे रेंजवरचे धडाके मला अजून व्यवस्थित कळतात, कारण तो आवाज जाड, पायातून येतो. भांडी खुळखुळली की सौ. म्हणते, "वाजली बघा तुमची सवत."

आता बाहेरच्या जगाकडे येतो. माझं पेन्शनचं खातं जिथे आहे त्या बँकेचं नाव लिहीत नाही, कारण सगळ्यांकडे तीच तऱ्हा आहे. काउंटरला काच. काचेला खाली हात जाईल एवढी फट. पलीकडचा माणूस कॉम्प्युटरकडे बघत बोलतो. मला ओठ दिसत नाहीत, आवाज काचेत अडतो. मी पुन्हा विचारलं की तो मान वर करून ओरडतो, "काका, ऐकायला येत नाही का?" रांगेतले सगळे बघतात. आणि मग माझ्या खात्यात किती पैसे आहेत, कुठला फॉर्म राहिलाय, हे सगळ्या भगूरला कळेल अशा आवाजात सांगितलं जातं. एकदा एका नव्या मुलीने काही न बोलता स्लिपच्या मागे पेनने लिहिलं, 'पॅन कार्डची झेरॉक्स द्या, सही इथे.' दोन मिनिटांत काम झालं. तिची बदली झाली. चांगल्या माणसांची लवकर होते.

फोनचा त्रास त्याहून मोठा. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा, हे यंत्रातली बाई इतक्या झरझर म्हणते की मला फक्त 'दाबा' कळतं. ओटीपी विचारणारे भामटेही फोनवरूनच येतात, आणि ज्याला अर्धंच ऐकू येतं तो 'हो हो' म्हणून सुटायला बघतो. हे 'हो हो' फार धोक्याचं. कमी ऐकू येणारा माणूस लाजेने 'हो' म्हणतो. बँकेत, दवाखान्यात, वकिलाकडे, सगळीकडे. पेन्शनवाल्यांच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. त्या मानाने हयातीचा दाखला सोपा झालाय. मोबाइलसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकावायचे, झालं. सरकारच्या या एका कामात कानाला काही विचारत नाहीत.

माझी मागणी काही कोटींची नाही. देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोड या पट्ट्यात निवृत्त फौजी किती राहतात हे बँकांना त्यांच्या पेन्शनखात्यांवरून ठाऊक आहे. निदान तिथल्या काउंटरवर एक कोरा पॅड आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवावं, आणि 'कमी ऐकू येत असल्यास लिहून सांगू' अशी पाटी लावावी. टोकन नंबर पुकारायच्या ऐवजी दिव्यावर दाखवावा. यंत्र बऱ्याच ठिकाणी भिंतीवर आहे, फक्त बंद आहे. दवाखान्यातही नाव पुकारतात. मी नंबर हुकून परत शेवटी बसलेले लोक पाहिलेत. २०२७ ला सिंहस्थ आहे. रामकुंडावर सूचना भोंग्यावरून द्यायच्या आणि त्या गर्दीत त्या कळाव्यात अशी अपेक्षा धरायची, यात बहिऱ्यांचंच नव्हे तर सगळ्यांचंच अवघड आहे. मोठ्या अक्षरांच्या फिरत्या पाट्या जास्त लावा. तेवढा विचार आत्ताच झाला तर बरं.

गावात अजून एक गोष्ट आहे जी शहरातल्यांना सुचणार नाही. दारणाकाठच्या उसात बिबट्या असतो. लोक कुत्र्यांच्या भुंकण्यावरून आणि वानरांच्या ओरडण्यावरून सावध होतात. मला ते कळत नाही. संध्याकाळी मोटार चालू करायला मुलगा बरोबर येतो आणि त्याला यायला उशीर झाला तर पिकाला पाणी उशिरा. कमी ऐकू येणाऱ्या शेतकऱ्यांना दिवसाची वीज आधी द्या, असं मी म्हणालो तर लोक हसतील. दिवसा वीज सगळ्यांनाच हवी आहे.

सत्काराचंही सांगून टाकतो. २६ जुलैला कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम असतो. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. मी मशिन काढून खिशात ठेवतो, नाहीतर ते शिट्टी मारतं. मग सूत्रसंचालक माईकवर काय बोलतो ते कळत नाही आणि शेजारच्याने कोपर मारल्यावर मी उठतो. ज्या कानांमुळे सत्कार चाललाय त्यांनाच सत्कार ऐकू येत नाही. शाल ठेवा, स्पीकर कमी करा.

आणि मिरवणुकीतल्या पोरांना काय म्हणावं? नाशिकचा ढोल ही आपली शान आहे, त्याला माझा विरोध नाही, उघड्या रस्त्यावर ढोल मलाही आवडतो. पण डीजेच्या भिंतीला कान लावून नाचणारी पोरं बघितली की राहवत नाही. सरकारने मला पगार देऊन माझे कान घेतले. ही पोरं वर्गणी काढून आपले कान देतायत.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात निकडीचं, अग्निवीरांसाठी. जानेवारी २०२३ मध्ये नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला पहिल्या तुकडीचं ट्रेनिंग सुरू झालं. चार वर्षांनी त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंत ठेवले जाणार आणि बाकीचे घरी. त्यांना आमच्यासारखं पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. कान मात्र आमच्यासारखेच आहेत. चार वर्षांत कान जात नाही असं कोणी समजू नये. जवळून झालेला एक धडाकाही पुरतो. त्यांच्या आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे. पोरगा सुट्टीवर आला की त्याला विचारा, फायरिंगला मफ घालतोस का? घालत नसेल तर रागवा. आणि सुटायच्या आधी यंत्रावरची कानाची तपासणी मागून घ्या, तिचा कागद जपून ठेवा. घरी जायच्या आधी मेडिकल होतं, त्यात डॉक्टर वीस फुटांवरून कुजबुजतो आणि आपण परत म्हणायचं, अशी एक जुनी चाचणी आहे. आकडे ओळखीचे असतात, अर्धं अंदाजाने जमतं. शिवाय निघताना प्रत्येकाला घराची ओढ असते, मेडिकल बोर्डात अडकून पडायचं कोणाला नको असतं. मग कागदावर 'कान ठीक' असं लागतं आणि पुढे जन्मभर तेच खरं. आमच्या वेळच्या नियमाने अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त आणि ते नोकरीमुळे आलेलं किंवा वाढलेलं, असं बोर्डाने लिहिलं तरच पेन्शनीत त्याचा भाग मिळतो. लिहिलेलं नसेल तर घरी येऊन दहा वर्षांनी कितीही ओरडलात तरी कोणी ऐकत नाही. कागद असेल तर निदान पुढच्या मालकाला दाखवता येईल, की बाबा, वॉकीटॉकीवर नको, गेटवर नोंदवहीला बसव.

माजी सैनिकांच्या संघटना शहरात आहेत, मेळावे होतात. मेळाव्याच्या दिवशी एका खोलीत कानाची मोफत तपासणी ठेवली आणि बायकोला बरोबर आणा असं निमंत्रणात लिहिलं, तर पुष्कळ घरांतली भांडणं त्याच दिवशी मिटतील. तपासणी एकट्याने केली तर कागद खिशात राहतो.

या पत्रावर कोणाला काही कळवायचं असेल तर आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर लेखी पाठवावं. फोन नंबर मुद्दाम दिलेला नाही.

आपला,
एक निवृत्त हवालदार, तोफखाना
भगूर, जि. नाशिक

(नाव आपल्याला वेगळ्या कागदावर कळवलं आहे. ते छापू नये, बँकेत अजून जायचं आहे.)